भजनाच्या वह्या आणि क्षयाचा माग

कणकवलीजवळच्या आमच्या वाडीत एके काळी भजनाच्या सात वह्या होत्या. गणपतीत घरोघरी भजनाला बसायचं तर बुवांच्या पुढ्यात वही लागायचीच, आणि ती कुणाची तरी बघून उतरवलेली असायची. कॉलेजात असताना एका श्रावणात पाऊस थांबेना, वीज गेलेली, करायला दुसरं काही नाही. म्हणून सातही वह्या मागून आणल्या आणि पडवीत शेजारी शेजारी मांडून वाचत बसलो. चार वह्यांत एका अभंगात ‘सुख’च्या जागी ‘मुख’ झालं होतं. त्या चारांतल्या दोन वह्यांत पुढच्या पानावरचं एक अख्खं कडवं गळलं होतं. उरलेल्या तीन वह्यांत यातलं काही नव्हतं, त्यांच्या चुका निराळ्या होत्या.

कुणी कुणाची वही उतरवली हे घराघरांत जाऊन विचारलं असतं तर भांडणंच लागली असती, कारण आपली वही मूळ, हा प्रत्येकाचा दावा. चुकांनी मात्र न विचारता सांगून टाकलं. ज्या ओळी सगळीकडे सारख्या होत्या त्यांच्यावरून काहीच कळत नव्हतं. माग लागत होता तो फक्त चुकांचा.

पुढे मायक्रोबायोलॉजी शिकलो तेव्हा कळलं की क्षयाचा जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसा गेला हे शोधायची आजची सगळ्यात नेमकी पद्धत म्हणजे हाच वह्यांचा खेळ. फक्त वही जरा मोठी.

‘जीनोम सिक्वेन्सिंग’ हा शब्द आपल्याकडे चहाच्या टपरीपर्यंत पोचला तो २०२१च्या जूनमध्ये. राज्यात कोविडच्या ‘डेल्टा प्लस’ प्रकाराचे २१ रुग्ण सापडले, त्यांतले ९ एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले. एरवी टीव्हीवर आंबा आणि पूर एवढ्यापुरतं दिसणारं कोकण रोज दिसायला लागलं. तेव्हा जे केलं गेलं ते एवढंच: रुग्णाच्या नमुन्यातल्या विषाणूची जनुकीय संहिता पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायची आणि कुठलं अक्षर बदललंय ते बघायचं. क्षयाच्या बाबतीत हे काम कोविडच्या आधीपासून चालू आहे, आणि मला विचाराल तर तिथे ते जास्त अवघड आणि जास्त रंजक आहे. कोविड घाईत असतो. क्षयाला कसलीच घाई नसते.

क्षयाचा जंतू सापडल्याचं रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केलं. म्हणून तो दिवस क्षयरोग दिन. त्या जंतूची पूर्ण संहिता वाचून प्रसिद्ध झाली ती १९९८च्या जूनमध्ये. त्याच वर्षी जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली होती. योगायोगच आहे, पण मला तो फार उपयोगी पडतो. संहितेत अक्षरं आहेत सुमारे ४४ लाख ११ हजार. वर्णमाला चारच अक्षरांची: ए, टी, जी, सी. आता ही अक्षरं रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत, कोकण रेल्वेच्या सुमारे ७४० किलोमीटर रुळांवर ओळीने मांडा. मीटरला साधारण सहा अक्षरं बसतील. कोविडच्या विषाणूची संहिता ३० हजार अक्षरांची, म्हणजे याच मापाने पाचेक किलोमीटर. कणकवलीहून निघालेली गाडी पुढचं स्टेशन गाठायच्या आत ती संपली.

जंतू वाढतो म्हणजे एकाचे दोन होतात, आणि दोन होताना ही अख्खी ओळ नव्याने उतरवली जाते. उतरवताना हा जंतू फार काळजी घेतो. पोटातल्या ई. कोलाय या जंतूला अनुकूल परिस्थितीत दुप्पट व्हायला २० मिनिटं पुरतात. क्षयाच्या जंतूला त्यासाठी २० तासांच्या आसपास लागतात. आणि उतरवताना चूक किती? एका जंतूच्या वंशात वर्षाला साधारण अर्धं अक्षर. अर्धं अक्षर असं काही नसतं, म्हणून असं म्हणू की रोहा ते ठोकूर या सगळ्या रुळावर दोन वर्षांत कुठेतरी एक अक्षर बदलतं. कोविडचा विषाणू आपल्या पाच किलोमीटरांतच महिन्याला दोन अक्षरं बदलायचा.

ही जी एखादी चूक असते ती पुढे वारसाने जाते. त्या जंतूची पोरं, नातवंडं, ती ज्याच्या श्वासातून आत गेली त्या पुढच्या माणसाच्या फुप्फुसातली पतवंडं, सगळ्यांत ती असते. वहीतल्या ‘मुखा’सारखी. क्षयाचा जंतू आणखी एका बाबतीत आपल्या कामाचा आहे. पुष्कळ जंतू शेजारच्या जंतूकडून संहितेचे तुकडे उसने घेतात, म्हणजे अर्धी वही याची आणि अर्धी त्याची. मग वंशावळ लावताना नाकीनऊ येतात. क्षयाचा जंतू असली देवाणघेवाण जवळपास करतच नाही. एकाच वहीवरून उतरवतो, चुकांसकट.

याआधीही जंतूंचे ठसे घ्यायच्या पद्धती होत्या. १९९०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूयॉर्कमध्ये त्या वापरून संशोधकांनी दाखवलं की शहरातल्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांना संसर्ग नुकताच झालेला आहे; सगळेच जुना, निजलेला जंतू जागा होऊन आजारी पडलेले नाहीत. पण त्या पद्धती संहितेतल्या मोजक्याच जागा बघायच्या. सात वह्यांची फक्त मुखपृष्ठं बघून नातं ठरवण्यासारखं ते होतं. मुखपृष्ठ वेगळं म्हणजे वही वेगळी, हे बरोबर. मुखपृष्ठ सारखं म्हणजे वही सारखी, हे नाही.

याचा दाखला २०११ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियामधून आला. तिथल्या एका मध्यम वस्तीच्या गावात तीन वर्षं क्षयाची साथ चालली होती. जुन्या पद्धतीने घेतलेले ठसे सगळे सारखे, म्हणजे एकच साथ, एकच उगम. रुग्णांना कोणाकोणाच्या संपर्कात आलात हे विचारून तो उगम मात्र सापडेना. मग ३६ नमुन्यांच्या पूर्ण संहिता वाचल्या. त्यांत त्या साथीआधीचेही काही होते. निघालं असं, की एक साथ नव्हतीच. दोन वंश शेजारी शेजारी चालले होते आणि दोन्ही साथीच्या आधीपासून त्या भागात होते. मग अचानक पसरले का? संशोधकांनी लोकांचं उठणं-बसणं कुणाशी आहे याचा नकाशा काढला, तेव्हा उत्तर जंतूत नाही तर गावात सापडलं: त्या काळात तिथे क्रॅक कोकेनचं व्यसन वाढलं होतं आणि लोक बंद जागांत एकत्र बसत होते. या अभ्यासातली मला आवडणारी गोष्ट ही, की संहिता वाचून काम संपलं नाही. माणसांकडे परत जावंच लागलं.

मग किती अक्षरांचा फरक म्हणजे जवळचं नातं? २०१३मध्ये इंग्लंडच्या मिडलँड्स भागातल्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासाने एक ढोबळ माप दिलं आणि ते अजून वापरात आहे. दोन रुग्णांच्या जंतूंत ५ किंवा त्याहून कमी अक्षरांचा फरक असेल तर अलीकडे एकमेकांपासून, किंवा कुणा तिसऱ्या एकापासून, संसर्ग झाल्याची दाट शक्यता. फरक १२च्या पुढे गेला तर ती शक्यता सोडून द्यायची. मधल्यांसाठी इतर पुरावा बघायचा. काहीच संबंध नसलेल्या दोन रुग्णांत शेकडो अक्षरांचा फरक असतो. घराणंच वेगळं असेल तर हजारावर.

‘घराणं’ हा शब्द माझा. शास्त्रज्ञ लिनिएज म्हणतात आणि त्यांना आकडे देतात. माणसाला होणाऱ्या क्षयाची मोठी चार: पहिलं हिंदी महासागराच्या काठाकाठाने, म्हणजे दक्षिण भारत, आग्नेय आशिया, फिलिपिन्स, पूर्व आफ्रिका, दुसरं मूळचं पूर्व आशियातलं, तिसरं उत्तर भारत, पाकिस्तान आणि पूर्व आफ्रिका, चौथं युरोप-अमेरिकेतलं आणि आता सगळीकडचं. पहिल्या घराण्याचा नकाशा बघितला की मोसमी वाऱ्यावर चालणाऱ्या गलबतांचे मार्ग आठवतात, आणि काही संशोधकांनी त्याच्या प्रसाराचा संबंध खरोखरच त्या जुन्या सागरी व्यापाराशी जोडला आहे. आपल्या बंदरांवर मसाल्याबरोबर आणखी काय काय चढत-उतरत होतं, कोण जाणे.

आता हे सगळं वाडीत आणून बघू. पुढची गोष्ट कल्पित आहे, पण कोकणात राहिलेल्या कुणालाही ती ओळखीची वाटेल.

समजा, एका वाडीत वर्षभरात तिघांना क्षय निघाला. पहिला पंचविशीतला चाकरमानी, घाटकोपरला खोली करून राहणारा. गणपतीला आला तोच खोकत. दुसरे सत्तरीचे आजोबा, संपापर्यंत गिरणीत होते, १९८२ नंतर गावी परतले ते कायमचे. गेली काही वर्षं मधुमेह आहे, तरी भजनाला बसतात. तिसरी चाळिशीची बाई, काजूच्या कारखान्यात कामाला जाते. आशाताईंनी तिघांची थुंकी तपासायला नेली, तिघांना गोळ्या सुरू झाल्या. आणि पाणवठ्यावर निकाल लागला: “ह्या दुखणा मुंबयसून इला.” पोराच्या आईला लोक हळदीकुंकवाला बोलवेनासे झाले.

तिघांच्या जंतूंची संहिता वाचली असं धरू. पोराचा जंतू दुसऱ्या घराण्यातला. आजोबांचा आणि बाईचा पहिल्या घराण्यातला. पोरगा आणि आजोबा यांच्यात हजारावर अक्षरांचा फरक. पोरगा आणि बाई यांच्यातही तेवढाच. आजोबा आणि बाई यांच्यात फरक दोन अक्षरांचा.

पोरापुरतं उत्तर ठाम आहे. त्याने क्षय मुंबईहून आणला असेल, पण या दोघांना तो दिला नाही. हजार अक्षरं गणपतीच्या दहा दिवसांत बदलत नाहीत, दहा वर्षांतही नाहीत. संहितेचा सगळ्यात मोठा गुण मला हाच वाटतो: ‘नाही’ म्हणताना ती डगमगत नाही.

‘हो’ म्हणताना मात्र तिला जपून बोलावं लागतं. आजोबा आणि बाई यांच्यात दोन अक्षरांचा फरक आहे म्हणजे आजोबांनी बाईला क्षय दिला, असं लिहून द्यायला कुणी शहाणा तयार होणार नाही. बाईकडून आजोबांना गेला असेल. दोघांना तिसऱ्याच कुणाकडून आला असेल आणि तो तिसरा तपासायला आलाच नसेल. खोकला आधी कुणाला सुरू झाला, भेट कुठे होते, हे विचारावं लागतं. आजोबांच्या बाबतीत आणखी एक शक्यता उघडी राहते. क्षयाचा जंतू शरीरात गेलेल्या बहुतेकांना आजार होतच नाही. शंभरांत पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी होतो, आणि त्यातही बहुतेकांना पहिल्या दोनेक वर्षांत. उरलेल्यांत तो वर्षानुवर्षं निजून राहू शकतो. गिरणगावातल्या एका खोलीत पाळीपाळीने वीस-वीस माणसं झोपायची त्या दिवसांत तो आजोबांच्या छातीत गेला असेल, आणि मधुमेहाने शरीराची राखण ढिली झाल्यावर आता उठला असेल. तसं असेल तर ‘मुंबयसून इला’ हे बरोबरच, फक्त चाळीस वर्षांपूर्वी आणि दुसऱ्याच माणसाबरोबर.

निजलेल्या जंतूच्या संहितेत चुका कोणत्या वेगाने साठतात, यावर संशोधकांत अजून वाद आहे. माकडांवरच्या प्रयोगांतून दिसलं की वेग फारसा कमी होत नाही. माणसांच्या काही जुन्या संसर्गांत तो बराच मंदावलेला दिसला. म्हणजे दोन अक्षरांचा फरक दोन-चार वर्षांचा की वीस वर्षांच्या झोपेचा, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. घड्याळ आहे, पण ते मध्येच झोपतं की काय अशी शंका असलेलं घड्याळ.

आता आजोबा आणि बाई नात्यातले नाहीत, शेजारी नाहीत. गाठ पडली कुठे? क्षय हवेतून जातो. रुग्ण खोकतो, बोलतो, तेव्हा उडालेल्या थेंबांतले अगदी बारीक कण बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. हाताला हात लागून, एका ताटात जेवून क्षय होत नाही, हे आपल्याकडे अजूनही पुष्कळांना पटत नाही. मात्र गाण्यातून असे कण उडतात, हे १९६०च्या दशकातच मोजून झालंय. पावसाळ्यात दारंखिडक्या लावून, दिवाणखान्यात तीस माणसं दाटीवाटीने बसलेली, बुवा गजर चढवतायत, कोरस देणाऱ्या बायका मागे भिंतीला टेकून. भजनावर माझं प्रेम आहे म्हणून सांगतो, खिडकी उघडी ठेवा. झोड येत असली तरी.

या गोष्टीत बाईला संसर्ग घरातल्या माणसाकडून झाला नाही, हे मी मुद्दाम तसं रचलं. आफ्रिकेतल्या मलावी देशात, मलावी सरोवराच्या काठी करोंगा नावाचा ग्रामीण जिल्हा आहे. तिथल्या क्षयरुग्णांचा मागोवा संशोधक कैक वर्षं ठेवत आले. २०१५मध्ये त्यांनी संहितांवरून हिशेब मांडला: रुग्णाला माहीत असलेल्या जवळच्या क्षयरुग्णाकडून, म्हणजे घरचा, नात्यातला, शेजारचा, अशा माणसाकडून झालेला आजार एकूण आजाराच्या दहा टक्क्यांच्या आसपास. बाकीचा कुठून? बहुधा बाजार, दारूचं दुकान, प्रार्थनेची जागा, बस, जिथे नावं ठाऊक नसलेली माणसं एकच हवा श्वासात घेतात तिथून. आपल्याकडे रुग्ण सापडला की आरोग्यसेवक त्याच्या घरातल्या माणसांना तपासतात. ते करायलाच हवं, कारण घरातल्या एकेका माणसाला धोका जास्त असतो, लहान मुलांना तर फारच. पण गावातला आजार थांबवायला तेवढं पुरत नाही. करोंगा आणि कणकवली एक नव्हे, हे कबूल. तरी जनरलच्या डब्यात दारात बसायला जागा नाही अशा गाडीने शिमग्याला आलेल्या कुणालाही त्या आकड्याचं फार नवल वाटू नये. तीच गोष्ट रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या मच्छीमार बोटींची. केबिनमध्ये सात-आठ खलाशी दिवसेंदिवस एकत्र झोपतात, त्यांतले कित्येक नेपाळ किंवा कर्नाटकातून आलेले. कुणी खोकायला लागला की बाहेरचा म्हणून त्याच्याकडे बोट दाखवणं सोपं असतं. त्याला तो इथे येऊन मिळाला, की त्याने आणला, हे संहिता सांगू शकेल. विचारतंय कोण, हा वेगळा प्रश्न.

मुंबईचा विषय निघालाच आहे तर औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाबद्दल बोलायला हवं. २०११च्या अखेरीला मुंबईतल्या डॉक्टरांनी असे चार रुग्ण नोंदवले ज्यांच्या जंतूवर तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं. जगभर गाजलं ते. आपल्याकडे अशा रुग्णाबद्दल पहिली प्रतिक्रिया ठरलेली: गोळ्या अर्ध्यावर सोडल्या असतील. काही वेळा ते खरं असतं. औषध थोडंथोडं मिळालं की ज्या जंतूच्या संहितेत नेमक्या जागी चूक झाली आहे तोच तेवढा तगतो. रिफाम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाच्या बाबतीत ती जागा आरपीओबी नावाच्या जनुकातली ८१ अक्षरांची पट्टी आहे. बहुतेक सगळे बदल तिच्यातच घडतात. कोकण रेल्वेच्या आपल्या मापाने सांगायचं तर रुळाचे तेरा-चौदा मीटर, एका डब्याच्याही लांबीपेक्षा कमी.

पण एकदा तसा जंतू तयार झाला की तो तसाच दुसऱ्याच्या छातीत जाऊ शकतो. त्या दुसऱ्याने आयुष्यात एकही गोळी खाल्लेली नसली तरी त्याचा क्षय पहिल्या दिवसापासून औषधाला दाद देत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतातला २०१७मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. अत्यंत प्रतिरोधी, म्हणजे बहुतेक महत्त्वाच्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे ४०४ रुग्ण. त्यांपैकी ६९ टक्के लोकांनी त्याआधी बहुऔषध-प्रतिरोधी क्षयाचे उपचार घेतलेच नव्हते. जंतू त्यांच्याकडे तयार होऊनच आला होता. मुंबई महानगर प्रदेशातल्या जंतूंच्या संहिता वाचून २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही प्रतिरोधी क्षयात दुसऱ्या घराण्यातल्या मोजक्या वंशांचा वरचष्मा दिसला, म्हणजे हे वंश माणसामाणसांतून पसरत आहेत. ज्या रुग्णाला आपण ‘तुझ्याच हलगर्जीपणाने झालं’ म्हणून झापतो, त्याची चूक पुष्कळदा एवढीच असते की तो लोकलमध्ये श्वास घेत होता.

आणि लोकलमधला माणूस शिमग्याला तुतारी किंवा मांडवी एक्स्प्रेस पकडतो. मुंबईच्या जंतूंचा अभ्यास हा म्हणून आपोआप कोकणाचाही विषय होतो.

हे काम प्रत्यक्षात कसं चालतं ते थोडक्यात. रुग्णाने सकाळी उठल्यावर खोकून काढलेला बेडका डबीत जातो. त्यातला जंतू आधी वाढवावा लागतो. तो सावकाश वाढणारा, त्यामुळे आठवडे जातात. हवा बाहेर जाऊ न देणाऱ्या खास प्रयोगशाळेत हे चालतं. जंतूच्या अंगावर मेणचट जाड कवच असतं, ते फोडून, ज्यावर ही संहिता लिहिलेली असते तो डीएनए बाहेर काढायचा. मशीन तो सलग वाचत नाही. अनेक मशिनं त्याचे काहीशे अक्षरांचे लाखो तुकडे वाचतात, मग संगणक ते तुकडे एका नमुना-संहितेवर जुळवून लावतो. ही नमुना-संहिता म्हणजे १९९८मध्ये वाचलेलीच. तो जंतू मिळाला होता १९०५ साली, अमेरिकेतल्या एका सॅनेटोरियममधल्या १९ वर्षांच्या रुग्णाकडून, आणि तेव्हापासून प्रयोगशाळांनी त्याला जगवत ठेवलंय. जगातला प्रत्येक क्षयजंतू आजही त्याच्याशी ताडून बघतात. संहितेचा साधारण दहावा भाग इतका पुनरुक्तीचा आहे की तुकडा नेमका कुठला हे ठरत नाही. तो भाग बहुतेक जण हिशेबातून वगळतात. टाळ्या-घोषाच्या ओळी वहीत पाच ठिकाणी येतात, त्यांतली कुठली कुठून उतरवली हे मलाही कळलं नव्हतं.

तालुक्याच्या दवाखान्यात होणारी ट्रूनॅट तपासणी ही सिक्वेन्सिंग नव्हे. लोकांचा, कधीकधी वार्ताहरांचाही, इथे घोटाळा होतो. ट्रूनॅट गोव्यातल्या कंपनीने बनवलेलं, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरचं. बॅटरीवर चालतं, तास-दोन तासांत क्षय आहे का ते सांगतं, आणि मग रिफाम्पिसिन चालेल का तेही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०मध्ये त्याला मान्यता दिली. पण ते वहीतली ठरावीक पानं उघडून बघतं, वही वाचत नाही. उपचार सुरू करायला तेवढं पुरतं. हा रुग्ण कुणाच्या साखळीतला, हे त्यातून कळत नाही.

ज्याच्या नमुन्यात जंतू वाढला त्या प्रत्येक रुग्णाची अख्खी वही वाचायची, हे इंग्लंडने २०१७पासून नेहमीच्या कामात आणलं. तिथे रुग्ण काही हजारांत. जगातल्या दर चार क्षयरुग्णांमागे जवळपास एक भारतात आहे; इथे प्रत्येकाची संहिता वाचणं तूर्त होण्यासारखं नाही. २०२२च्या क्षयरोग दिनी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने क्षयाच्या जनुकीय देखरेखीसाठी देशातल्या प्रयोगशाळांचा एक गट उभा केला. कोविडच्या वेळी जो अनुभव गाठीशी आला होता तो इथे वापरायचा, हा विचार. सगळ्यांचे नाहीत, तर निवडून नमुने घ्यायचे. इथे एक मेख आहे. दहा रुग्णांपैकी तिघांचीच संहिता वाचली तर साखळीतले दुवे गळतात. ज्यांचा बेडका तपासायला जातच नाही, जे खाजगी डॉक्टरकडे जाऊन नोंदीबाहेर राहतात, ज्यांच्या नमुन्यात जंतू वाढत नाही, ते सगळे हिशेबात नसतात. मग दोन रुग्णांचं नातं नाही असं नव्हे, मधला माणूस आपल्याकडे नाही एवढंच.

आणि सापडलेली नावं जपायची कशी? ‘अमक्याचा जंतू तमक्याशी जुळला’ ही ओळ प्रयोगशाळेतून वाडीत पोचली तर पोराच्या आईचं काय झालं असतं ते आपण वर बघितलं. अभ्यासांत म्हणून नावं नसतात, ठिपके असतात. ठिपक्यांना जोडणाऱ्या रेषा असतात. कधीकधी एक पोकळ ठिपका असतो, तो कुणाचाच नमुना नसतो. दोन फांद्यांत एकच चूक सापडते, दोन्ही फांद्या एकमेकींवरून उतरवलेल्या नाहीत हेही दिसतं, म्हणजे ती चूक आधी केलेला कुणीतरी मध्ये असलाच पाहिजे. म्हणून तो काढायचा.

माझ्या वह्यांतही तसा एक पोकळ ठिपका होता. ‘मुख’ लिहिणाऱ्या चार वह्यांतली एकही दुसरीवरून थेट उतरवलेली नव्हती, प्रत्येकीच्या बारीकसारीक चुका तसं होऊ देत नव्हत्या. म्हणजे आठवी वही होती. मी घरोघर विचारलं, कुणाला माहीत नाही. दोन वर्षांनी खालच्या वाडीतल्या म्हाताऱ्या मामींकडे गणपतीला गेलो होतो, सहज विषय काढला. त्यांचे यजमान बुवा होते, मी जन्मायच्या आधी वारलेले.

“होती मरे,” मामी म्हणाल्या. “पावसात भिजान गेली. मी चुलीत घातलंय.”